दहा फुटांचा हॉल दहा फुटांचाच दिसू दे

काही वर्षांपूर्वी नाशिकच्या इंदिरानगरमधल्या एका टू-बीएचकेचे व्ह्यू काढले होते, म्हणजे घर सजवायच्या आधी कॉम्प्युटरवर करतात ती फोटोसारखी चित्रं. हॉल दहा बाय पंधरा, एका अंगाला सोफा आणि टीव्ही युनिट, किचनच्या बाजूला डायनिंग. नेहमीच्या लेन्सवर खोली कोंदट दिसत होती, म्हणून लेन्स खाली आणत आणत पंधरा एमएमवर नेली (एमएमचा आकडा जितका लहान, तितकी लेन्स रुंद). हॉल असा काही उघडला की मलाच मोह पडला. घरच्यांनी तो व्ह्यू बघून सहा जणांचं, पाच बाय तीनचं टेबल घेतलं. ते घरात येऊन लागलं आणि मागे सरकवलेली खुर्ची न् सोफ्याचा हात यांत जेमतेम सव्वा फूट उरला. घरातल्या आजी तिथून आडव्या होऊन किचनमध्ये गेल्या आणि मला म्हणाल्या, "अगं, तुझ्या फोटोत तर इथून चालत जाता येत होतं."

मॉडेलमध्ये सगळं मापात होतं. टेबल पाच बाय तीनच काढलं होतं, सव्वा फुटाची फटही होती. फक्त ती फट कॅमेऱ्याच्या जवळ होती, आणि रुंद लेन्स जवळचं अंतर ताणते, लांबचं आक्रसते. सव्वा फूट त्या चित्रात तीन-साडेतीन फूट वाटत होता. तेव्हापासून मटेरियल आणि लाइटच्या आधी मी कॅमेऱ्यावर वेळ घालवते. मी मॉडेलला स्केचअप आणि त्याचं फोटोसारखं चित्र, म्हणजे रेंडर, काढायला व्ही-रे वापरते, त्यामुळे बटणांची नावं तिथली सांगते. थ्रीडीएस मॅक्स किंवा ब्लेंडरवाल्यांना नावं बदलून घ्यावी लागतील, गणित तेच आहे.

आधी चौकट

कॅमेरा लावून झाल्यावर चित्राचं प्रमाण बदललं की सगळी मेहनत पाण्यात जाते. कडेचं कपाट कापलं जातं, नाहीतर वर नुसतं सीलिंग उरतं. म्हणून व्ही-रेच्या सेटिंगमध्ये रेंडर आउटपुटला जाऊन प्रमाण आधी ठरवा आणि तिथलाच सेफ फ्रेम चालू करा. म्हणजे स्केचअपच्या खिडकीत रेंडरमध्ये येणार तेवढाच भाग स्पष्ट दिसतो. हॉलला मी १६:९ ठेवते. बाथरूम, देवघर, एकटं वॉर्डरोब यांना उभी चौकट, ३:४ किंवा ४:५. एक व्यवहारही त्यात आहे: माझी नव्वद टक्के चित्रं लोक व्हॉट्सअॅपवर उभ्या मोबाइलमध्ये बघतात. आडव्या चौकटीतलं चार फुटांचं बाथरूम तिथे काडेपेटीएवढं दिसतं.

कुठे उभं राहायचं

स्केचअपमध्ये माउसचं चाक फिरवत खोलीत शिरायचा प्रयत्न करू नका. एक घर जास्त फिरलं की कॅमेरा भिंतीतून थेट शेजाऱ्यांच्या बेडरूममध्ये. कॅमेरा मेनूतलं पोझिशन कॅमेरा घ्या आणि फरशीवर जिथे उभं राहायचं तिथे एक क्लिक करा. क्लिकच, ओढायचं नाही. ओढलं तर तो डोळ्याची उंची न धरता क्लिक केलेल्या बिंदूवरच कॅमेरा ठेवतो, म्हणजे तुम्ही फरशीला गाल लावून बघताय असं दिसतं. क्लिक केल्यावर कॅमेरा साडेपाच फुटांवर उभा राहतो आणि हातात लूक अराउंड येतं. आता खालच्या कोपऱ्यातल्या मापाच्या रकान्यात हवी ती उंची टाइप करून एंटर मारा.

साडेपाच फूट ही उभ्या माणसाच्या नजरेची उंची. शिकवणीत बऱ्याचदा तीच सांगतात, मला मात्र ती घरातल्या व्ह्यूला क्वचितच पटते. त्या उंचीवरून सोफा, बेड, सेंटर टेबल सगळ्याचा माथा दिसतो, आणि बघणारा जणू स्टुलावर चढलाय असं होतं. शिवाय आपल्याकडे स्लॅब साडेनऊ फुटांवर, त्यात सहा इंच फॉल्स सीलिंग, म्हणजे हातात उरतात नऊ. कॅमेरा चार ते साडेचार फुटांवर ठेवला की फरशी आणि सीलिंग दोघांना साधारण सारखा वाटा मिळतो. सीलिंगचे पैसे मोजणाऱ्याला सीलिंग दिसायला हवं. कोव्हमधली, म्हणजे फॉल्स सीलिंगच्या कडेच्या खाचेतली एलईडीची पट्टीही खालून बघितल्यावर नीट लपते.

माझे नेहमीचे आकडे असे: हॉल चार फूट. बेडरूम साडेतीन, कारण तिथली वस्तीच बसून आणि झोपून. देवघर किंवा भारतीय बैठक असेल तर अडीच-तीन फूट, खाली बसलेल्याच्या नजरेने.

किचनवर मात्र जरा थांबते, कारण तिथे दोन-चार इंचांनी फरक पडतो. ओटा चौतीस इंचांवर, त्यावर भिंतीला दोन फूट टाइल्सचा डॅडो, म्हणजे वरच्या कपाटांचा तळ अठ्ठावन्न इंचांवर, चार फूट दहा इंच. कॅमेरा याच्या खाली गेला की वरच्या कपाटांचा तळ दिसायला लागतो आणि त्यात बसवलेली प्रोफाइल लाइट उघडी पडते, पांढरी जळालेली रेघ. कॅमेरा फार वर गेला की ओट्याचा दगड भरपूर दिसतो, पण खालच्या ट्रॉल्यांचे शटर आक्रसतात. मी बरोबर चार फूट दहा इंच ठेवते. कपाटाचा तळ एका रेषेत मिटतो, लाइट लपते, तिचा उजेड तेवढा डॅडोवर दिसतो. तुमच्या किचनची मापं वेगळी असतील तर तुमच्या वरच्या कपाटाचा तळ मोजा आणि तोच आकडा टाका.

लेन्स, आणि एक सोपा गुणाकार

आता मूळ दुखणं. झूम टूल घ्या, माउसला हात न लावता २८एमएम असं टाइप करा, अक्षरं इंग्रजीत, मधे जागा न सोडता, आणि एंटर. नुसते अंशही टाकता येतात. स्केचअप मुळात ३५ अंशांवर उघडतं, खोलीसाठी ते अरुंद पडतं. पण एमएम किंवा अंश यांपैकी एकच काहीतरी धरून चाला. अंश काही ठिकाणी आडवे मोजतात, काही ठिकाणी उभे, त्यामुळे एका सॉफ्टवेअरचे अंश दुसऱ्यात उचलून टाकले की चित्र भलतंच येतं. मी एमएमच वापरते.

एमएमचा हिशेब ३६ बाय २४ मिलिमीटरच्या फिल्मवर बेतलेला आहे. आडव्या चौकटीत १८ एमएम म्हणजे ९० अंश, २४ म्हणजे साधारण ७४, २८ म्हणजे ६५, ३५ म्हणजे ५४ आणि ५० म्हणजे ४०. हे पाठ करायची गरज नाही. कामाचं सूत्र वेगळंच आहे: समोरची भिंत कडेपासून कडेपर्यंत दिसायला किती मागे उभं राहावं लागेल? भिंतीची रुंदी गुणिले लेन्स, भागिले ३६.

दहा फुटांची टीव्हीची भिंत घ्या. २४ एमएमला दहा गुणिले चोवीस भागिले छत्तीस, म्हणजे सहा फूट आठ इंच मागे. २८ला पावणेआठ फुटांच्या थोडं पुढे. ३५ला पावणेदहा. १८ला फक्त पाच फूट. आता सात बाय नऊचं किचन घ्या, ज्यात नऊ फुटांच्या ओट्याकडे बघायचंय. २८ एमएमला नऊ गुणिले अठ्ठावीस भागिले छत्तीस, बरोबर सात. म्हणजे पाठ मागच्या भिंतीला टेकवून उभं राहिलं की ओट्याची भिंत कडेला कड मावते, बाजूचं काहीच येत नाही. हा हिशेब कागदावर अर्ध्या मिनिटात होतो. तो न करता लोक झूमचं बटण ओढत बसतात आणि शेवटी पंधरावर जाऊन थांबतात. मीही तेच केलं होतं.

माझी मर्यादा: हॉल आणि बेडरूम २४ ते २८, किचन २४, बाथरूमला अगदीच अडलं तर २०. पन्नास फक्त तुकड्यांना, म्हणजे साइड टेबल, वॉर्डरोबचं हँडल, देवघरातली समई. २०च्या खाली जायची वेळ आली की मी लेन्स सोडते आणि भिंतीला हात घालते.

लेन्स जास्त रुंद झाली हे ओळखायचं कसं? कडेला ठेवलेलं गोल टेबल बघा. ते अंड्यासारखं दिसलं की समजा. दुसरी खूण पंख्याची. बाराशे मिलिमीटरचा साधा पंखा कॅमेऱ्याच्या जवळ आला की रुंद लेन्समध्ये त्याचं एक पातं अर्धं सीलिंग व्यापतं, हेलिकॉप्टर उतरल्यासारखं. पंखा लपवून रेंडर मारणारे पुष्कळ आहेत. मी लपवत नाही, कारण नाशिकच्या मे महिन्यात तो असणारच आहे, आणि झुंबराच्या जागेशी त्याचं भांडणही असणार आहे. ते चित्रातच दिसलेलं बरं. कॅमेरा सरकवा किंवा लेन्सचा आकडा वाढवा. कॅमेऱ्यापासून तीन फुटांच्या आत कुठलीच वस्तू नको, कुंडीही नाही, सोफ्याचा हात तर मुळीच नाही.

भिंतीच्या पलीकडे

सात फुटांच्या किचनमध्ये मागे सरकायला जागाच नसते, तेव्हा कॅमेरा भिंतीबाहेर न्यावाच लागतो. त्यासाठी मागची भिंत लपवली की बाहेरचा उजेड सगळा आत येतो. ज्या कोपऱ्यात खिडकीच नाही तिथे ऊन पडतं. वॉर्डरोबला आरसा असेल तर त्यात भिंतीच्या जागी उघडं आकाश दिसतं. एका बेडरूमच्या व्ह्यूत मी हे पाठवलंही होतं. गिऱ्हाइकाने विचारलं, "मॅडम, आरशात बाल्कनी कुठली?"

योग्य वाट म्हणजे व्ही-रेचा क्लिपर. तो भिंतीच्या आतल्या बाजूला, कॅमेऱ्याला समोरासमोर ठेवा आणि त्याच्या सेटिंगमध्ये कॅमेरा रेज ओन्ली चालू करा. मग भिंत फक्त कॅमेऱ्यापुरती कापली जाते. उजेडाला आणि आरशाला ती जागेवरच असते. ब्लेंडरमध्ये कॅमेऱ्याचं क्लिप स्टार्ट वाढवून हेच साधतं.

किती मागे जायचं याला मी स्वतःपुरती सीमा घातली आहे, दीड फूट. दाराच्या चौकटीत उभा राहिलेला माणूस साधारण तेवढंच बघतो. त्याहून मागे जावं लागलं तर व्ह्यूच्या खाली तसं लिहून देते.

उभ्या रेषा उभ्याच

लूक अराउंडने मान थोडी जरी खाली गेली तरी दारं आणि वॉर्डरोब खाली निमुळते होतात. उंची आणि लेन्स ठरल्यावर कॅमेरा मेनूतून टू-पॉइंट पर्स्पेक्टिव्ह निवडा. सगळ्या उभ्या रेषा ओळंब्यात येतात आणि हातात पॅन टूल येतं. त्याने आता चित्र वर-खाली सरकवता येतं, रेषा न बिघडवता. फोटोग्राफर शिफ्ट लेन्सने जे करतात तेच हे. सीलिंगची डिझाइन दाखवायची असेल तर थोडं वर, फरशीवरचा गालिचा दाखवायचा असेल तर थोडं खाली.

इथे एकच सांभाळायचं. ऑर्बिटला (मॉडेल फिरवायच्या टूलला) चुकून हात लागला की टू-पॉइंट सुटतं. म्हणून जमलेल्या क्षणी सीन करून ठेवा, म्हणजे तो कॅमेरा तसाच जतन होतो. सीनला नाव द्या, "हॉल-टीव्ही-२८-४फूट" असं, लेन्स आणि उंचीसकट. महिन्याने गिऱ्हाईक "त्याच कोनातून दुसरं लॅमिनेट दाखवा" म्हणतं तेव्हा हे नाव कामी येतं. सीनच्या टॅबवर राइट क्लिक करून अपडेट मारताना दोनदा बघा, कारण कॅमेऱ्याबरोबर कुठले टॅग (वस्तूंचे गट) चालू-बंद आहेत तेही त्यात जाऊन बसतं. माझ्या एका सीनमधून अख्खे पडदे असेच गायब झाले होते. ते सापडले ते रेंडर संपल्यावर.

उजेड कॅमेऱ्यात, लाइटमध्ये नाही

नव्या मुलांची सगळ्यात मोठी गडबड इथे होते. रेंडर काळं आलं की लाइटचा आकडा दहापट करायचा. मग कोव्हलाइट सीलिंग जाळते, स्पॉटलाइटखाली भिंतीवर पांढरे डाग पडतात, आणि खिडकीतलं ऊन फिकं पडलं म्हणून तेही वाढवायचं.

व्ही-रेचा कॅमेरा सुरुवातीला चौदाच्या आसपास एक्स्पोजर व्हॅल्यू (कॅमेरा किती उजेड धरतो त्याचा आकडा) घेऊन येतो. ते भर उन्हातल्या बंगल्याच्या दर्शनी बाजूसाठी ठीक आहे. घराच्या आत दिवसा आठ ते दहा लागतं, रात्रीच्या दिव्यांच्या व्ह्यूला पाच ते सात. आकडा एकाने कमी केला की चित्र दुप्पट उजळतं. म्हणजे चौदावरून नऊवर आलात तर बत्तीस पट. लाइटला हात लावायची गरजच नव्हती.

माझा क्रम असा. लाइट खऱ्या मापात घालायची: नऊ वॅटचा एलईडी बल्ब आठशे-नऊशे लुमेनचा असतो, तर तेवढाच. उन्हाची तीव्रता एकवर. मग मटेरियल ओव्हरराइड चालू करून सगळं करड्या रंगाचं करायचं, खिडकीच्या काचा तेवढ्या त्यातून वगळायच्या, नाहीतर उजेडच अडतो. इंटरॅक्टिव्ह रेंडर छोट्या आकारात लावून एक्स्पोजर नऊवर आणायचं, मग पाव-पाव करत वर-खाली. करड्या खोलीत उजेड पटला की मटेरियल चालू.

आपोआप एक्स्पोजरची सोय आहे आणि ती पहिला अंदाज चांगला देते. पण ती चालू ठेवून पाच व्ह्यू काढले की प्रत्येक व्ह्यू स्वतःपुरता उजळतो. अंधारा पॅसेज हॉलएवढाच लख्ख दिसतो आणि एकच लॅमिनेट दोन चित्रांत दोन रंगांचं. तो आकडा बघून घ्या, मग हाताने टाका आणि एका खोलीच्या सगळ्या दिवसाच्या व्ह्यूंना तोच ठेवा.

ज्यांना खऱ्या कॅमेऱ्याची सवय आहे त्यांनी एफ आकडा, शटर, आयएसओने जावं. एफ ८, शटर एक अष्टमांश सेकंद, आयएसओ १०० हे मिळून बरोबर नऊ होतात. खऱ्या कॅमेऱ्यात एवढ्या मंद शटरला हात हलेल, इथे हात नाहीच. स्थिर चित्रात शटर नुसता उजेड बदलतो. एफ आकडा पार्श्वभूमी धूसर करतो तो फक्त डेप्थ ऑफ फील्ड चालू असेल तर. पूर्ण खोलीच्या व्ह्यूला ते बंदच ठेवा. ज्याने वॉर्डरोबचे पैसे दिलेत त्याला वॉर्डरोब धूसर बघायचा नसतो. समईच्या व्ह्यूला चालू करा आणि फोकस समईच्या वातीवर ठेवा, मागच्या जाळीवर नको.

व्हाइट बॅलन्स, म्हणजे कॅमेरा कुठल्या रंगाचा उजेड पांढरा धरतो ते, कॅमेऱ्याच्याच भागात आहे आणि त्याकडे कोणी बघत नाही. आपल्या घरात खिडकीतून येणारा उजेड साडेसहा हजार केल्विनच्या आसपास, कोव्हमध्ये तीन हजारची वॉर्म पट्टी, आणि ट्यूब मात्र आईच्या हट्टाखातर पांढरी. कॅमेरा साडेसहा हजारवर असला की कोव्ह केशरी होते. तीन हजारवर आणला की खिडकी निळी. मी साडेचार हजारच्या आसपास ठेवते, दोघेही थोडे-थोडे सावरतात. पण लॅमिनेट पसंत करायचा व्ह्यू वेगळा काढते: सगळे दिवे बंद, नुसता दिवसाचा उजेड, बॅलन्स साडेसहा हजार. वॉर्म दिव्याखाली पांढरं शटर हस्तिदंती दिसतं, गिऱ्हाईक त्यावर हो म्हणतं, आणि मग प्लायवर शीट चिकटल्यावर सुताराच्या डोक्यावर खापर फुटतं.

शेवटची तपासणी

स्केचअपच्या कोऱ्या फाइलमध्ये जो माणूस उभा असतो, त्याला पुसू नका. फर्निचरच्या मधल्या सगळ्या चिंचोळ्या जागांत त्याला एकेकदा उभा करा आणि कॅमेऱ्यातून बघा. त्या आजींच्या जागी तो असता तर सव्वा फूट तेव्हाच दिसला असता. अंतिम चित्रात त्याला लपवा, पण दोन फुटांहून कमी वाटेवर मी आता प्लॅनमध्येच माप लिहून देते.

आणि लेन्स २४ ते २८ ठेवायचं आणखी एक कारण. बहुतेक मोबाइलचा मुख्य कॅमेरा याच हिशेबाने साधारण २४ ते २८ एमएमचा असतो. घर ताब्यात दिल्यावर मी सीनमधला कॅमेऱ्याचा बिंदू भिंतीपासून मोजून फरशीवर खडूने खूण करते, मोबाइल टेपने चार फुटांवर धरते आणि फोटो काढते. रेंडर आणि फोटो शेजारी-शेजारी ठेवले की दाराची चौकट चौकटीवर बसते. फक्त मोबाइलचा झूम १ वर ठेवा. ०.५ वर गेलात की तो तेरा एमएमच्या आसपास जातो, आणि हॉल पुन्हा पंधरा फुटांचा वीस होतो.